उजवं फूल

विलास ठोंबरे स्वतः डबा घेऊन गिरणीत आला तेव्हाच मी ओळखलं, याला काही पीठ नको आहे.

डबा नवा, झाकणावर दुकानाची चिठ्ठी तशीच. आत गहू असतील नसतील चार मुठी. एवढ्यासाठी पट्टा चढवला असता तर सगळं पीठ दगडालाच लागून संपलं असतं, आणि हे त्यालाही कळत होतं.

"गर्दी नाय आज, वयनी?"

"तू आलास ना. झाली गर्दी."

तो हसला. विलासचं हसणं जमेला धरायचं नाही, हे मी तो चड्डीला नाक पुसत यायचा तेव्हापासून शिकले होते. त्याची बायको वैशाली त्या साली कुसवड्याची सरपंच होती. म्हणजे सही तिची, आवाज याचा.

"मंगळवारी कौल लावायचा ठरवलाय," तो म्हणाला. "गावात दोन तट नकोत. जाखमातेला विचारू. आई सांगेल ते सगळ्यांनी ऐकायचं."

"तूसुद्धा?"

"मी पयला."

मी डब्याचं झाकण लावलं आणि डबा त्याच्याकडे परत सरकवला. नवरा गेल्यापासून गिरणी मीच चालवत होते. दळण तोलता तोलता माणूसही तोलायची सवय लागते. हा पहिला, म्हणजे कौल कुणाचा येणार हे याने कुठेतरी पक्कं करून ठेवलंय, एवढं मला तिथेच समजलं.

प्रकरण असं होतं. आमचं कुसवडे डोंगराच्या पायथ्याशी. वर माळ, माळाच्या टोकाला ठाकरवाडी, आणि माळ नि गाव यांच्या मधोमध जाखमातेची राई. शहर तोवर हायवेपर्यंत आलं होतं आणि तिथून आमच्याकडे टक लावून बघत होतं. माळावरच्या जमिनी एकेक करून विकल्या गेल्या होत्या. तिथे मोठ्या इमारती, बाग, पोहायचा तलाव असं काय काय येणार होतं. अडत होतं एकाच गोष्टीवर: वर जायला रुंद रस्ता नव्हता. नव्या विकास आराखड्यात कुणीतरी तो रस्ता राईच्या पोटातून सरळ ओढून ठेवला होता. ज्याला हरकत घ्यायची त्याने महिनाअखेरपर्यंत लेखी द्यायची होती.

राई म्हणजे देवीचं रान. बेहडे, सातवीण, जांभळी, आणि त्या सगळ्यांना हत्तीच्या सोंडेएवढ्या जाड वेलीने बांधून टाकणारी गारंबी. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी न्यायची नाही. राईच्या मुळातून झरा निघायचा. तो आधी नथू म्हसेच्या भाजीच्या मळ्यात उतरायचा आणि मग गावातल्या विहिरींना पाणी द्यायचा.

"राई गेली की झरा जाईल, विलास."

"आणि ठाकरवाडीचं काय?" तो लगेच म्हणाला. आता मात्र हसत नव्हता. "पावसात बाई अडली की झोळीत घालून खाली आणायची. भिमी ठाकरीण तुमच्या त्या जांभळीखालीच बाळंत झाली. पोर वाचलं नाय. तेव्हा कुठं गेला व्हता झरा?"

उत्तरं मी कधी उधार ठेवली नाहीत; हे एक ठेवलं.

"आणि डावं पडलं तर?" मी विचारलं.

"आईची इच्छा," तो म्हणाला आणि डबा उचलून चालू लागला. गहू दळायचे राहिले हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

आता कौलाबद्दल सांगायला हवं. देवीची मूर्ती काळ्या, खडबडीत दगडाची होती. गुरवाने झऱ्यावर अंघोळ करायची, पिटकुळीची दोन लाल फुलं पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांवर लावायची आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवं फूल पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. फूल किती भिजवायचं, किती दाबायचं, हे गुरवाच्या बोटात. नीट भिजवून दाबलेलं फूल चिकटून बसतं. कमी ओलं लवकर सुटतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं, आणि कुणीही ते बोलत नव्हतं. म्हणायचं, आईने कौल दिला.

म्हणून कौलाच्या आदल्या दिवशी लोक धाकू गुरवाकडे नारळ पोचवायचे. धाकू तो घ्यायचा आणि देवीपुढे ठेवायचा. कौल मनासारखा आला तर म्हणायचे, धाकूने शब्द पाळला. उलटा आला तर म्हणायचे, समोरच्याचा नारळ मोठा असेल. पण धाकूला तोंडावर कुणी काही बोललं नाही आणि धाकूनेही कधी कुणाला काही सांगितलं नाही.

माझ्या हिशेबात धाकू गुरव म्हणजे गावातला सर्वांत हुशार माणूस. सगळ्यांचं ऐकायचं, नाही कुणालाच म्हणायचं नाही. त्याचं घर राईला लागून, पण त्याची बायको चंद्राबाय सरपणासाठी पलीकडच्या डोंगरावर जायची. धाकू राईतून बाहेर पडला की काठावर थांबून धोतर झटकायचा, चुकून एखादं पान अडकून बाहेर येऊ नये म्हणून. आम्ही बायका म्हणायचो, काय नाटक करतो हा माणूस! कोणी बघत नसेल तेव्हा भारेच्या भारे नेत असेल.

चंद्राबाय मात्र राईत पाऊल ठेवत नसे. त्यांची एकच मुलगी, तुळसा, लहानपणी तापाने गेली, तेव्हापासून. नवरा दिवसभर देवीपाशी, म्हणून देवी म्हणजे तिची सवत, अशी आमची थट्टा. ती ऐकून घ्यायची. हसायची नाही.

शनिवारी मी दळणाचं निमित्त काढून त्यांच्याकडे गेले. धाकू अंगणात बसून समईच्या वाती वळत होता.

"धाकूभाऊ, मंगळवारी काय व्हायचं?"

"आई सांगेल."

"ते झालंच. पण विलास येऊन गेला म्हणे?"

"आला व्हता. देवळावर पत्रे घालून देतो म्हणाला. चहा घेतला."

"आणि नथू?"

"तो पण आला. वांगी घेऊन आला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"वांगी चांगली आहेत म्हटलं."

आतून चंद्राबायचा आवाज आला, "त्यांना नको विचारू, द्वारका. भिंतीला विचार. ती तरी कधी आवाज देईल."

मी हसले. धाकूही हसला, पण वात वळणारी बोटं थांबली होती.

"देवीचं राहू द्या," मी म्हटलं. "तुम्हाला काय वाटतं? रस्ता व्हावा?"

त्याने राईकडे बघितलं. "बापाने ह्या रानातली काटकी बाहेर नेली नाय. मी नेली नाय. मला आणखी काय वाटणार, वयनी?"

तेवढं मला पुरलं. नथू त्याच संध्याकाळी ज्वारी दळायला आला तेव्हा मी त्याला ते सांगितलंही, पण वर म्हटलं, "तरी हरकतीचा अर्ज देऊन ठेव. मुदत संपत आलीय."

नथूचा मळा झऱ्याच्या तोंडाशी. झरा गेला तर पहिला तोच कोरडा पडणार. पण तो माझ्यावरच डाफरला. "कौल लावायचा आणि अर्ज पण द्यायचा? म्हंजे आईवर भरोसा नाय असं दिसंल. विलास तेच धरून बसंल. वयनी, धाकू आपला हाय. एकदा डावं पडलं की विलासचा बाप रस्ता काढणार नाय."

आईवर भरोसा, म्हणत होता तो. डोळ्यांसमोर मात्र धाकूचं बोट.

मंगळवारी सगळं गाव राईत जमलं. कंपनीचा एक माणूसही आला होता. त्याला बूट काढायला लावले. त्याचे पांढरेफटक पाय पाचोळ्यावर असे पडत होते, जणू जमीन तापली आहे. विलास गालातल्या गालात हसत उभा. दुसऱ्या बाजूला नथू, तोही गालातल्या गालात. दोघांची मिशी सारखीच फुरफुरत होती. मला तेव्हा गंमत वाटली. ज्याच्या भरवशावर दोघेही निवांत होते, तो झऱ्याच्या पाण्याने निथळत, कुणाकडेही न बघता आत गेला.

मी मुद्दाम पुढे सरकून बसले. पिठाचा भरड-बारीकपणा मी चिमटीत ओळखते. बोटाचा दाब ओळखायला मला काय? धाकूने दोन्ही फुलं एकाच वेळी तांब्यात बुडवली. एकाच वेळी काढली. दोन हातांनी दोन खांद्यांवर एकदमच ठेवली. मला तसूभर फरक दिसला नाही. मनात म्हटलं, वा रे हात! इतक्या वर्षांत कुणी पकडलं नाही ते उगाच नाही.

"आई," धाकू म्हणाला. आवाज घोगरा. "राईतून रस्ता द्यायचा असेल तर उजवं दे. द्यायचा नसेल तर डावं दे. लेकरांना वाट दाखव."

वर गारंबीच्या शेंगा एकमेकींवर आपटत होत्या तेवढाच आवाज.

डावं फूल हललं. एक पाकळी दगडापासून सुटली. नथूने माझ्याकडे बघितलं. फूल तसंच लोंबकळत राहिलं.

आणि उजवं खाली पडलं.

कुणालाच काही सुधरेना. पडलेलं फूल धाकू नेहमी लगेच उचलून कपाळाला लावायचा. त्या दिवशी तो त्याच्याकडे बघतच राहिला.

"परत लाव," नथू म्हणाला.

धाकूने मान हलवली.

"धाकू, परत लाव म्हणतो! डावं सुटत व्हतं, सगळ्यांनी बघितलं!"

"दिला तिनं, नथू."

"तिनं दिला का तू दिला?"

इतक्या पिढ्यांत त्या देवळात जे कुणी बोललं नव्हतं ते नथू बोलला होता. गुरवाने तोंड वर केलं. त्या तोंडावर राग नव्हता, नवल होतं. जणू ही गोष्ट तो जन्मात पहिल्यांदा ऐकत होता.

तेवढ्यात विलास पुढे झाला आणि सगळ्यांसमोर वाकून त्याने धाकूचे पाय धरले. दहा जणांनी शिव्या घातल्या असत्या तरी धाकूचं जेवढं नुकसान झालं नसतं तेवढं त्या एका नमस्काराने झालं.

हरकतीचा अर्ज मग कोणीच दिला नाही. आईच्या कौलाविरुद्ध सही कोण करणार? मुदत गेली. देवळासाठीचे पत्रे टेम्पोतून धाकूच्या अंगणात येऊन पडले, ते मात्र सगळ्या गावाने पाहिलं. त्याने ते देवळावर चढवले नाहीत, घरावरही नाहीत, तिथेच गंजत पडू दिले, ते कुणी पाहिलं नाही. भात झोडल्यावर गुरवाच्या वाटणीचा भात कुणाच्या घरून गेला नाही. माझ्या गिरणीत तो आला की बायका डबे उचलून बाहेर जाऊन उभ्या राहायच्या. मी त्याचं दळण दळायचे. बोलायचे मात्र नाही.

दिवाळीनंतर राई तोडायला माणसं आली. झाडं पडली, पण गारंबी काही पडेना. खालून तोडली तरी वर तशीच झाडाझाडांत गुंतलेली. एक झाड ओढलं की शेजारची चार कण्हायची. नथू बांधावर उभा राहून बघायचा. मीही एक दिवस गेले.

धाकू देवळाच्या पायरीवर बसला होता. करवतीचा आवाज एवढा, की त्याचे ओठ हलत होते तरी काही ऐकू येत नव्हतं. लाकडांनी भरलेले ट्रक एकामागून एक त्याच्यासमोरून जात होते. दिवस कलल्यावर तो उठला, राईच्या काठावर आला आणि थांबला. मग वाकून धोतर झटकलं. दोनदा. चिकटलेला भुसा आणि दोन पानं आत पडली. ती आतच पडली याची खात्री करून तो घरी गेला.

ट्रकवरची माणसं हसली. बांधावरचा नथूही हसला. "अजून नाटक चालूच आहे," तो म्हणाला.

पुढे रस्ता झाला. झरा पहिल्या उन्हाळ्यात बारीक झाला, दुसऱ्या उन्हाळ्यात दिसेनासा. नथूच्या मळ्यावर आज गाड्या उभ्या असतात. ठाकरवाडीला मात्र रस्ता खरंच मिळाला; भिमीची सून गाडीतून दवाखान्यात गेली आणि पोर घेऊन परत आली. हे मी जमेला धरते. धरायलाच हवं. जाखमातेला माळावरच्या मोठ्या फाटकाशी संगमरवरी देऊळ बांधलं, मूर्तीही नवी, गुळगुळीत पांढरी. पगारी पुजारी आला. तिथे कौल लागत नाही. फूल ठेवलं की घसरतं.

गुरवाचं गावात काही काम उरलं नाही तेव्हा धाकूने घर आवरलं. चंद्राबायचा भाऊ मुरबाडकडे असतो, तिकडे जायचं ठरलं. निघायच्या दिवशी चंद्राबाय गिरणीत आली. सोबत तांदळाचा डबा होता. धाकू बाहेर पायरीवर टेकला. नशिबाने आत दुसरं कुणी नव्हतं.

मी तांदूळ वरच्या पेटीत ओतले, पट्टा चढवला. गिरणी घरघरायला लागली तशी चंद्राबाय माझ्या अगदी कानाशी आली.

"थांबवू नको. चालू राहू दे. मला बोलायचंय, आणि त्यांना ऐकू जायला नको."

मी मान हलवली.

"तुळसा तापली व्हती तेव्हाचं. अंगाला हात लावला तर चटका बसायचा. मी म्हटलं तालुक्याला नेऊ, डॉक्टरला दाखवू. हे म्हणाले, आईला विचारतो. मी पाय धरले त्यांचे, द्वारका. म्हटलं, उजवं फूल जरा कमी भिजवा. सारं गाव म्हणतं तुमच्या बोटात हाय. लोकांसाठी करत असाल तर आज पोरीसाठी करा. नि केलं नसेल कधी, तर आज एकदा करा."

पीठ खाली डब्यात पडत होतं. मी तिच्याकडे बघू शकत नव्हते म्हणून पिठाकडे बघत होते.

"मी त्यांच्या मागोमाग देवळात गेले. डोळ्यांनी बघितलं. पोरीचं नाव घेत व्हते तोंडानं. पण दोन्ही फुलं सारखी बुडवली. सारखी लावली."

"मग?"

"डावं पडलं."

गिरणी चालूच होती.

"पोर तिसऱ्या दिवशी गेली. त्या दिवसापासून मी त्या रानात पाय ठेवला नाय. त्यांना कधी माफ पण केलं नाय." तिने पदराने तोंड पुसलं, त्यावर पीठ बसलं होतं. "आता गाव बोलतं, धाकूनं पत्र्यासाठी राई विकली. मी ऐकते. वाटतं, ओरडून सांगावं. ज्यानं पोटच्या पोरीसाठी बोट हलवलं नाय, तो पत्र्यासाठी हलवील? पण ते म्हणतात, नको. लोक मग म्हणतील, पोर मारली. ते खरंच हाय. मंग काय सांगू?"

डबा कधी भरला कळलं नाही. पीठ काठावरून खाली सांडायला लागलं तेव्हा मी पट्टा उतरवला.

मी बाहेर आले. धाकू पायरीवर गुडघे जवळ घेऊन बसला होता. गिरणीच्या दारातून उडालेलं पीठ त्याच्या खांद्यांवर, धोतरावर बसलं होतं. कुसवड्यात देवीला खरंच विचारणारा एकच माणूस होता, आणि आम्ही सगळे इतकी वर्षं त्याच्याकडे नारळ पोचवत होतो.

"धाकूभाऊ," मी म्हटलं. दीड वर्षाने बोलत होते. "एकदा तरी..."

मी अंगठा तर्जनीवर दाबून दाखवला, ओलं फूल लावतात तसा.

त्याला कळलं. आत काय बोलणं झालं असेल तेही बहुधा कळलं.

"आपल्याच मनाचं करायचं तर तिला विचारायचं कशाला, वयनी?"

चंद्राबाय डबा घेऊन बाहेर आली. झाकण घट्ट लावलेलं होतं. धाकूने ते उघडून तिरकं ठेवलं. "गरम पीठ कोंडू नये. वास धरतं," तो म्हणाला, आणि डबा खांद्यावर घेऊन निघाला. चंद्राबाय त्याच्या पुढे चार पावलं.

गिरणीपासून नवा रस्ता सरळ दिसायचा. जिथून राई सुरू व्हायची तिथे आता डांबर होतं, पलीकडेही डांबरच. चंद्राबाय ती जागा ओलांडून गेली. धाकू तिथे पोचला आणि थांबला. डबा खाली ठेवला, वाकला आणि धोतर झटकलं.

पांढरं पीठ उडालं, आणि हळूहळू रस्त्यावर बसलं.